धडधाकट माणसाची चाल

"हा पेशंट कधी येऊन गेला?" फिजिओथेरपीच्या बाईंनी खालून विचारलं, तेव्हा तो शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता आणि तोंडात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा झुबका धरून शेवटच्या कॅमेऱ्याची केबल नळीला आवळत होता. तोंडात काहीतरी धरलेल्या माणसाला उत्तराची घाई नसते, ही त्या धंद्यातली एक छोटीशी सोय. त्याने मान वळवून पाहिलं. टेबलावरच्या पडद्यावर, काळ्याभोर पोकळीत, पांढऱ्या ठिपक्यांचा एक माणूस चालत होता. टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. त्याला तोंड नव्हतं, कपडे नव्हते, वय नव्हतं. सांध्यांच्या जागी नुसते ठिपके, आणि तरी तो माणूस आहे हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होत्या, एखाद्या सुताराने दुसऱ्याच्या हातची खुर्ची बघावी तशा. "उजवा हात बघा," त्या म्हणाल्या, "डावा कसा मोकळा जातोय, आणि उजवा खुंटीला अडकवल्यासारखा. वळतोयही अख्खाच्या अख्खा, ओंडक्यासारखा. मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलंय की नाही याला कुणी?" त्याने पट्ट्या तोंडातून काढल्या. तोंडाला प्लॅस्टिकची चव आली होती, की आधीपासूनच होती, कोण जाणे. "पेशंट नाही मॅडम," तो म्हणाला, "नमुना आहे. कंपनीकडून येतो." "मग कंपनीला सांगा दादा, नमुना बदला म्हणावं," असं म्हणून बाई हसल्या आणि बाहेरून कुणी हाक मारली म्हणून निघून गेल्या. पडद्यावरचा माणूस चालत राहिला. तो माणूस म्हणजे तो स्वतःच होता. सकाळी, बाई यायच्या आधी, अंगाला, सांध्यासांध्यावर, कॅमेऱ्यांना दिसणाऱ्या चकचकीत गोळ्या चिकटवून त्यानेच ती चाल चालली होती.

आता हे कंपनीकडून येतं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. त्याचं शिक्षण इंजिनियरचं, पण कंपनीत त्याला सगळे वायरमन म्हणत, आणि गावोगावच्या इस्पितळांत, चाल तपासायच्या खोल्यांत, कॅमेरे टांगून ते एकमेकांना जोडून द्यायचे हे त्याचं काम. काम संपलं की सगळं नीट चालतंय हे दाखवायला कुणीतरी एकदा चालावं लागतं. पहिल्या वेळी दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून तो चालला. त्या रेकॉर्डिंगला नाव काय द्यायचं म्हणून त्याने गमतीने 'धडधाकट' असं टाइप केलं, आणि मग तो रिवाजच पडून गेला. जिथं जिथं कॅमेरे, तिथं तिथं पहिली चाल याची, नाव धडधाकट. नंतर लंगडणारे, पाय ओढणारे, पडून उठलेले जे कुणी तिथं येत, त्यांना बसवून आधी हा दाखवला जाई, की बघा, साधारण माणूस असा चालतो. एका ठिकाणच्या डॉक्टरांनी तर तो विद्यार्थ्यांना इतकी वर्षं शिकवला होता की वायरमन पुढे कधी दुरुस्तीला गेला तेव्हा पोरांनी त्याला जिन्यावरून येताना पाठीमागून ओळखलं आणि टाळ्या वाजवल्या. हा किस्सा तो जेवणाच्या टेबलावर दरवेळी थोडा थोडा वाढवून सांगत असे. शेवटी शेवटी त्यात मुलींनी सह्या मागितल्याचंही आलं होतं. कंपनीतले म्हणायचे, तू मेलास तरी तुझी चाल मरायची नाही रे. या सगळ्या चालींतली एकही त्याने स्वतःजवळ ठेवली नव्हती. रोज आरशात दिसणाऱ्या माणसाचा फोटो खिशात घेऊन कोण फिरतं?

तो शिडीवरून उतरला. उतरताना त्याचं लक्ष गेलं की आपण डाव्या हाताने धरून उतरतोय. पण शिडी डाव्या हातानेच धरायची असते, उजव्यात हत्यार असतं. हत्यार आता खिशात आहे, ही गोष्ट वेगळी. खाली आल्यावर त्याने उजवा हात समोर धरून बघितला. हात चांगला होता. थरथरत नव्हता, काही नाही. अंगठ्यावर कापल्याची खूण, नखांत काळं. हा हात त्याने कधी असा बघितलाच नव्हता. हात हे काम करायला असतात, बघायला नव्हे. त्याने तो झटकला, मूठ वळली, सोडली, आणि मग स्वतःलाच हसला. छे. कॅमेऱ्याचा घोळ आहे. कॅमेरे म्हणजे शेवटी काय, नुसते डोळे. एक डोळा एकटा असला तर त्याला ठिपका दिसतो, पण तो ठिपका किती लांब आहे हे कळत नाही. दोन डोळ्यांनी एकाच वेळी पाहिलं तरच त्याला जागा मिळते. म्हणून तर हे दहा कॅमेरे खोलीभर गोल टांगायचे, प्रत्येकातून एकेक केबल काढायची, सगळ्या कोपऱ्यातल्या पेटीत आणायच्या, आणि पहिल्या नंबरच्या कॅमेऱ्याला म्हणायचं, तू ताल धर. तो ठोका देतो आणि बाकीचे त्या ठोक्यावर पापणी उघडतात. त्यातला एक जरी उशिरा जागा होणारा निघाला तर माणसाला दोन कोपर दिसतात, नाहीतर एकही नाही. असले घोळ त्याने शेकड्यांनी निस्तरले होते. इतरांनी जोडलेल्या कामातला बिघाड तो खोलीत पाऊल टाकताच वासाने ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. आणि इथं तो थबकला, कारण वासावरून त्याला बायको आठवली.

महिन्यामागची गोष्ट. बायको आंघोळीला गेली होती, दूध गॅसवर, आणि तो शेजारी उभा राहून मोबाइलवर कसलीतरी बातमी वाचत होता. ती केस टिपत बाहेर आली तर स्वयंपाकघरात धूर, भांडं काळं ठिक्कर, आणि हा मजेत उभा. ती म्हणाली, "नाक भाड्याने दिलंय का?" यावर दोघं हसली होती. सर्दी असेल, तो म्हणाला. सर्दी नव्हती. त्याआधी कधीतरी तिने दुसऱ्या खोलीत झोपायला सुरुवात केली होती, कारण हा झोपेत लाथा झाडतो, एकदा तर स्वप्नात कुणाशी तरी मारामारी करून त्याने तिच्या नाकावरच गुद्दा ठेवून दिला होता. तेही दोघांनी नातेवाइकांना हसून सांगितलं. म्हातारपणी आता कुठं मर्दपणा सुचतोय, असं मेहुणी म्हणाली. या गोष्टी अशा सुट्या सुट्या पडलेल्या होत्या. प्रत्येकीची केबल वेगळी, कुणाचाच कुणाशी संबंध नाही. अशा खोल्यांत डॉक्टर पेशंटला वासाचं आणि झोपेचंही विचारतात, हे त्याने शिडीवर उभं राहून कितीदा ऐकलं होतं. बाई खालून सहज एक वाक्य बोलल्या आणि सगळ्या जणू एकाच पेटीत येऊन खटाखट बसल्या. पेटीचा पंखा कोपऱ्यात घुमत होता. हिरवे दिवे लुकलुकत होते, दहाच्या दहा. प्रत्येक दिवा म्हणत होता, मी ठीक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते दिवे बघून बरं वाटलं नाही. एखादा तांबडा असता तर त्याने त्याची पापी घेतली असती.

मग तो बिघाड शोधायला बसला. एरवी माणूस बिघाड सापडू नये म्हणून देवाचं नाव घेतो. याने सापडावा म्हणून घेतलं. केबली एकेक करून उपसल्या, टोकं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, आठही तारा आपापल्या रंगाच्या क्रमाने सुतासारख्या सरळ. त्याच्याच हातची टोकं ती. त्याला स्वतःच्या हातसफाईचा राग आला. एखादी तरी तार आखूड राहू द्यायची होती, गाढवा. पेटी बंद करून चालू केली; ती नव्या नवरीसारखी मुकाट्याने कामाला लागली. ठोका तपासला, दहाही कॅमेरे एका पापणीने उघडत होते. दारात बसणारे मामा (खोलीची झाडलोट, फरशी आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर मत देणं ही त्यांची तीन कामं) हा सगळा उपद्व्याप बघत होते. मामांनी फरशी अशी काही घासली होती की तिच्यात छतावरचे कॅमेरे उलटे दिसत. आल्या दिवशीच त्यांच्याशी याचा वाद झाला होता, की मामा, इतकी चकाकी कामाची नाही, कॅमेऱ्यांना भुतं दिसतात. आणि मामांनी सुनावलं होतं की इस्पितळ आहे, भुतं असायचीच, फरशी का म्हणून मळकी ठेवू. आज मात्र मामा मवाळ होते. काय हरवलंय, त्यांनी विचारलं. काही नाही, चूक शोधतोय, तो म्हणाला. मामांनी सांगितलं की चूक आपल्या साहेबांकडे विचारा, त्यांना सगळ्यांच्या सापडतात. तो हसला नाही. हसला नाही हे मामांच्या लक्षात आलं असावं, कारण ते उठून चहा आणायला गेले.

त्याच्या वडलांचा कंपवात असाच सुरू झाला होता का, हे त्याला काही केल्या आठवेना. सुरुवात कुणाला आठवत नाही. सगळ्यांना पुढचंच आठवतं. शर्टाची गुंडी. वडील पलंगाच्या कडेवर बसायचे आणि एक गुंडी लावायला सकाळ लागायची, आणि कुणी मदतीला गेलं की म्हणायचे, राहू दे, मला कुठं कचेरीत जायचंय. दार. दाराशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. खोलीतून चालत यायचे ते बरे, पण उंबरठा दिसला की जणू कुणी खिळे मारले, आणि मग वरचं अंग पुढे जायचं आणि पाय मागे. आईने मग खडू घेतला आणि दारापासून न्हाणीघरापर्यंत आडव्या रेघा मारल्या. रेघ असली की त्यांना ओलांडता यायचं. का ते कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही आईनेच सांगितलं. घरभर रेघा, येणाऱ्या पाहुण्याला वाटे, या घरात पोरं कसलातरी खेळ खेळतात. आई रोज सकाळी त्या पुन्हा मारायची, कारण रात्रीत पुसल्या जायच्या, आणि मारताना पुटपुटायची, चाळीस वर्षं मला तुमच्या मागून चालवलंत, आता माझ्या रेघेवरून चाला. तो तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. सुटीत घरी आला की तो त्या रेघांवर पाय न देता चालायचा. का कुणास ठाऊक, आपला पाय पडला तर लागण होईल असं काहीतरी. आणि आता तो कुठल्याही खोलीत शिरला की आधी जमिनीवर पांढरी टेप लावायचा, इथून इथपर्यंत चाला, म्हणून. हे त्याने इतक्या वर्षांत कधी जोडलंच नव्हतं. दहा डोळे जोडून देणारा माणूस, पण या दोन रेघा तेवढ्या जोडायच्या राहिल्या.

चहा आला. त्याला वासच आला नाही, किंवा आला. चहाला वास असतो हे माहीत असल्यामुळे आल्यासारखं वाटलं. पेला त्याने मुद्दाम उजव्या हाताने उचलला, आणि पिता पिता सातव्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर घेतलं. आणि तिथं त्याला तो सापडला. बिघाड. चित्राच्या मधोमध, कमरेच्या थोडं वर, एक निळा चौकोन. झाकण. आठव्यातही तसंच झाकण, थोडं सरकून. काम सुरू करताना खोलीत जे काही उगाच चमकत असतं, खिडकीची चौकट, मामांची फरशी, नळाची तोटी, त्यावर झाकण टाकून कॅमेऱ्याला सांगायचं असतं की एवढं बघू नकोस. ते टाकताना चालायच्या वाटेत चमकणारी एकही वस्तू नको. नाहीतर वस्तू जाते, झाकण राहतं, आणि त्या जागेपुरता कॅमेरा आंधळा. नवशिक्यांना तो हे पहिल्या दिवशी शिकवी. आणि सकाळी त्याने स्वतःच आपलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट शिडीवर टांगून ठेवलं होतं, आणि शिडी होती वाटेच्या उजव्या अंगाला. म्हणजे चालताना उजव्या मनगटाची गोळी त्या जागेत शिरली की दोन्ही कॅमेऱ्यांना दिसायची बंद. मग संगणक काय करतो? तो पदरचं घालतो. गोळी इथं बुडाली, तिथं वर आली, मधे असेल अशी कुठंतरी, म्हणून एक सरळ गुळगुळीत रेघ मारून मोकळा होतो. अडकवल्यासारखा हात! असणारच. अडकवलेलं होतं ते जाकीट. तो इतक्या मोठ्याने हसला की मामा दारातून डोकावले. "सापडली?" "सापडली मामा," तो म्हणाला, आणि त्याला मामांना मिठी मारावीशी वाटली. स्वतःच्या गाढवपणावर इतका खूश झालेला माणूस त्या इस्पितळात पूर्वी कुणी पाहिला नसेल.

झाकणं काढली. जाकीट बाहेर ठेवलं. कॅमेऱ्यांना खोलीचं माप पुन्हा कळावं म्हणून चमकत्या गोळ्यांची काठी घेऊन तो खोलीभर फिरला, वर, खाली, कोपऱ्यांत, हवेला रंग दिल्यासारखी काठी फिरवत. दहाही कॅमेऱ्यांनी मान डोलावली. मग तो घट्ट कपडे घालून आला आणि सांध्यांवर गोळ्या चिकटवायला लागला. उजव्या हाताने डाव्या मनगटावर, डाव्याने उजव्यावर. गोळी चिकटवताना उजव्याची बोटं कागद सोलायला जरा वेळ घेत होती, पण तो कागद असतोच चिवट. मशीन सुरू करून तो टेपच्या टोकाशी उभा राहिला. आणि तिथं उभं राहिल्यावर त्याला कळलं की आपल्याला चालायचं कसं हे आठवत नाही. म्हणजे, पाऊल उचलायचं, टाकायचं, हे ठीक. पण हात? डाव्या पायाबरोबर उजवा हात पुढे, की उजव्याबरोबर? आजवर हात आपलेआप जात होते. आज त्यांना विचारून न्यावं लागणार. तो चालला. उजव्या हाताला त्याने चांगला पुढे पाठवला, मागे पाठवला. टोकाशी वळला, मान आधी, मग खांदे, मग कंबर, अगदी पुस्तकात असतं तसा. आला. पुन्हा गेला. त्याला वाटलं, एवढं छान आपण जन्मात चाललो नाही. पाठीवर घाम होता.

तो गोळ्यांसकट टेबलाशी बसून पडद्यावर ती चाल बघत होता तेव्हा बाई आत आल्या. त्यांना पाठमोरा तो दिसलाच नाही, आधी पडदाच दिसला, त्या असल्याच. "हा दुसरा नमुना का?" त्या म्हणाल्या. "हात आता जातोय खरा. पण दादा, हा माणूस चालत नाहीये. चालून दाखवतोय." मग बाईंची नजर खाली आली: त्याच्या खांद्यावरची गोळी, कोपरावरची, मनगटावरची. बाई तिशीच्या असतील; इतका वेळ दादा म्हणत होत्या, काका म्हणाल्या नाहीत म्हणून तो त्यांच्यावर मनातून खूश होता. आता त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, जशा त्या कुणाही समोर बसत असतील.

"सकाळचाही तुम्हीच," त्या म्हणाल्या.

त्याने घाईघाईने झाकणांचं सांगितलं, जाकिटाचं, सातव्या-आठव्याचं, संगणक पदरचं कसं घालतो ते. पेन्सिलीने आकृती काढून दाखवली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नीट ऐकलं, हेच वाईट होतं. चुकीचं असतं तर मधे बोलल्या असत्या. त्यांनी एवढंच म्हटलं की असेल, तसंही असेल, सकाळचं धरायचंच नाही आपण. मग विचारलं, आता कॅमेऱ्यांत काही चूक आहे का. नाही, तो म्हणाला. हे उत्तर द्यायला त्याला जड गेलं, पण कामाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. किस्से वेगळे, काम वेगळं. घरात कुणाला काही होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि तो म्हणाला, "वडलांना." इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मग एकदा शेवटचं चाला," बाई म्हणाल्या. "पण गप्प चालायचं नाही. बोलत चालायचं. काहीतरी सांगा मला."

"काय सांगू?"

"वडलांबद्दलच सांगा. आजाराचं नको. त्याच्या आधीचं. मजेचं."

मजेचं म्हटल्यावर तो खुलला. त्याच्याकडे वडलांची एक गोष्ट होती, आणि ती तो चांगली सांगत असे. बाई पडद्याशी बसल्या, तो टेपच्या टोकाशी गेला आणि चालता चालता सांगू लागला. वडील विजेचे मीटर वाचायचे. गावातल्या सगळ्या मीटरपेट्यांच्या चाव्या त्यांच्याकडे, हा एवढा जुडगा, आणि तो ते उजव्या हातात घेऊन चालायचे. पाऊल पडलं की खळ, पाऊल पडलं की खळ. गल्लीच्या तोंडाशी आले की घरी कळायचं. खळखळ ऐकू आली की थोरला भाऊ विडी गच्चीवरून खाली टाकायचा, ती खाली राहणाऱ्या मास्तरांच्या कुंडीत पडायची, आणि मास्तर पंचवीस वर्षं समजत होते की त्यांच्या झाडाला कीड लागते. बाई हसल्या. तो वळला, परत निघाला. ताई आरशासमोरून उठून पुस्तकात डोकं घालायची, पुस्तक उलटं. आणि आई! आई रेडिओ लावून एकटीच नाचायची, हे जगात कुणाला माहीत नव्हतं. खळखळ आली की रेडिओ बंद आणि पदर खोचून केरसुणी हातात. बाई मोठ्याने हसल्या. मामाही दारात येऊन उभे होते, तेही हसले. त्याला रंग चढला. कॅमेरे, टेप, हात, पाय, सगळं तो विसरला. तो आता गल्लीतून चालत होता. "आणि मग काय झालं," तो सांगत होता, "एके दिवशी वडील आवाज न करताच घरात. गल्लीत खळ नाही, जिन्यावर खळ नाही, एकदम दारात उभे. भाऊ विडी ओढतोय, ताई ओठ रंगवतेय, आणि आई मधोमध एक हात वर करून. सगळे जागच्या जागी! आम्हाला वाटलं चाव्या कचेरीत ठेवून आले. तर नाही, जुडगा हातातच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग रोजचंच. वर्षभर घरात कुणाची चोरी लपली नाही. वडील पाळत ठेवतात म्हणून भाऊ त्यांना डिटेक्टिव्ह म्हणायचा, आणि वडील मिशीत हसून म्हणायचे, आहेच मी तसा. कसं जमतं हो तुम्हाला, चाव्या हातात असून वाजत नाहीत, असं आम्ही…"

दारात मामा हसत होते. बाई हसत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा हात टेबलावर सपाट पडलेला होता.

तो वाटेच्या मधोमध होता. चाव्या हातात होत्या आणि वाजत नव्हत्या. ही गोष्ट त्याने किती जणांना सांगितली असेल, लग्नात, प्रवासात, बायकोला पहिल्या भेटीत. दरवेळी लोक हसले होते, दरवेळी तो स्वतः हसला होता, आणि वडलांनाही त्या वर्षी खरंच वाटलं असेल का, की आपण मोठे हुशार आहोत, पोरांना पकडतो? की जिन्यावर येताना ते एखाद्या दिवशी थांबले असतील, हातातल्या जुडग्याकडे बघत, आणि तो हलवून बघितला असेल, आणि तो वाजला असेल, आणि मग पुन्हा दोन पायऱ्या चढताच गप्प? डिटेक्टिव्ह म्हणून घ्यायला त्यांना आवडत होतं. आवडत होतं, की बरं पडत होतं? त्याला वडलांच्या चेहऱ्यावरचं ते हसू आठवलं, मिशीतलं, आणि पहिल्यांदाच ते हसू थोडं उशिरा यायचं हेही आठवलं. तो थांबला होता. आपला उजवा हात कुठं आहे हे त्याला बघायचं नव्हतं.

"थांबू नका," बाई हलकेच म्हणाल्या. "टोकापर्यंत या."

तो टोकापर्यंत गेला. मामांना गोष्टीचा शेवट हवा होता. मग काय झालं, त्यांनी विचारलं. मग काही नाही, तो म्हणाला, मग आईने रेडिओ हळू लावायला सुरुवात केली. मामा पुन्हा हसले, बादली उचलून निघून गेले. तो गोळ्या काढायला लागला. एकेक गोळी काढून डब्यात ठेवताना टकटक आवाज येत होता. त्याने पडद्याकडे पाठ केली होती. बाई उठून जवळ आल्या, आणि त्याच्या उजव्या मनगटावरची गोळी त्यांनीच सोलून काढली. त्या म्हणाल्या की एवढ्यावरून कुणी काही सांगू शकत नाही, तपासण्या असतात, औषधं आता चांगली आहेत, लवकर कळलं हे किती चांगलं. सगळं खरं असावं. त्या कामाच्या बाबतीत खोटं बोलणाऱ्या वाटत नव्हत्या. मग त्या टेबलाशी जाऊन बसल्या. तीनही चाली तिथं बिननावाच्या पडून होत्या, आणि खोलीतला पहिला नमुना म्हणून कुणाचीतरी ठेवायची होती. त्याने सांगितलं की मॅडम, तो नमुना तुम्हीच चाला. कॅमेरे ठीक आहेत, मी बसतो तिकडे. त्यांनी मान हलवली.

"आणि ही?" तिसऱ्या चालीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं. "ही पेशंटमध्ये ठेवते. नाव सांगा."

त्याने नाव सांगितलं.

"पूर्ण."

मग त्याने पुन्हा सुरुवात केली. आधी स्वतःचं सांगितलं, मग वडलांचं, आणि तिथं तो इतका वेळ थांबला की बाईंनी बोटं तशीच कीबोर्डवर धरून, मान वर न करता, आडनावाची वाट पाहिली.